तापात गेलेले कान

आमच्या घराण्यात बहिरं कुणी जन्माला येत नाही. माणसं जन्मतात धडधाकट आणि मग कधीतरी त्यांचे कान 'जातात'. कुणाचे तापात, कुणाचे झाडावरून पडून, कुणाचे देवीच्या कोपाने. लग्नाची मुलंमुली असलेल्या कुठल्याही घरात विचारून बघा, तिथल्या बहिऱ्या माणसाला एक कारण चिकटवलेलं असतंच. कारण नसलं तर दोष रक्तात निघतो, आणि रक्तात दोष निघाला की स्थळं उंबऱ्यावरूनच परत फिरतात.

माझं कारण ताप. अडीच वर्षांची असताना मला म्हणे ताप आला, तो मेंदूत चढला आणि उतरताना कान घेऊन गेला. इचलकरंजीत आमच्या गल्लीत ही गोष्ट पाठ नाही असं माणूस सापडायचं नाही. माझ्या धाकट्या भावाच्या, संग्रामच्या लग्नात तर तापाचं नाव काढायचंही आईच्या जिवावर आलं. व्याह्यांना ताप माहीत होता, पण बाकीच्या पाहुण्यांना सांगितलं की वृषालीने भावासाठी मौनाचा नवस बोललाय. दोन बायका भर मांडवात माझ्या पाया पडून गेल्या. मी त्यांना आशीर्वाद दिला, दुसरं काय करणार!

तर हा संग्राम एका दुपारी पुण्याहून गाडी हाकत थेट कोल्हापुरात माझ्या शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. मी कर्णबधिर मुलांना गणित शिकवते. इतक्या वर्षांत त्याने या शाळेची पायरी चढली नव्हती, त्यामुळे काम मोठं असणार हे मी ओळखलं. त्याला शिक्षकांच्या खोलीत बसवलं आणि चष्मा चढवला. समोरचा बोलतो ते या चष्म्याच्या काचेवर अक्षरांत उमटतं. म्हणजे लोकांचं म्हणणं माझ्यापर्यंत पोचवायची सोय जगाने केली आहे. हात वाचणारी यंत्रंही निघाली आहेत, पण ती अजून राग आणि विनंती यांच्यात घोटाळा करतात. म्हणून मी मोबाइलवर टाइप करते आणि मोबाइल ते गोड गळ्याने वाचून दाखवतो. माझ्या शिव्यासुद्धा तो गोड गळ्यातच देतो.

"ताई, केतकीचा चौथा महिना सरत आलाय."

"अरे वा! मग तोंड असं का?"

"डॉक्टरांनी बोलावलं होतं. मुजावर मॅडमनी."

हे नाव वाचलं आणि मी मोबाइल बाजूला ठेवला.

आता हे जरा नीट सांगायला हवं, कारण पुढचा सगळा तमाशा त्यावरच उभा आहे. कानाच्या आत, डोक्यातल्या सगळ्यांत टणक हाडामध्ये, शंखासारखी वेटोळी घातलेली एक नळी असते. आवाज तिथे पोचला की केसपेशी त्याचा विजेचा संदेश करून मेंदूकडे धाडतात. या केसपेशी मोजक्याच. त्यांना धरून ठेवणाऱ्या आणि त्यांच्या भोवतीचे क्षार खेळते ठेवणाऱ्या आधारपेशी मात्र पुष्कळ. ही सगळी मांडणी बाळ पोटात असतानाच होते. ती करणारी जनुकं शंभराच्या वर आहेत आणि प्रत्येकाची जागं व्हायची वेळ वेगळी. काही आयुष्यभर जागी राहतात, काही काम उरकून पुन्हा झोपतात. तीच जनुकं आपल्या रक्तातही असतात आणि कातडीतही, पण तिथे बहुतेक झोपलेली. म्हणून रक्त तपासून जनुकाची अक्षरं वाचता येतात. ते जनुक कानात वेळेवर उठलं होतं का, हे रक्तावरून कळत नाही.

जनुकाला उठवणारी कळ, म्हणजे खटका, त्याच्यापासून बरीच लांब असते. माझ्या जनुकाची सगळी अक्षरं बरोबर आहेत. बिघाड आहे तो कळीत.

हे मला डॉक्टर सईदा मुजावर यांनी सांगितलं. ज्यांच्या तपासण्यांत काहीच सापडत नाही अशी जन्मतः बहिरी माणसं शोधत त्या सहा वर्षांपूर्वी आमच्या शाळेत आल्या होत्या. मी म्हटलं, माझं तापामुळे आहे, मी तुमच्या उपयोगाची नाही. त्या म्हणाल्या, तरी द्या. माझ्या दंडाची चिमूटभर कातडी त्यांनी नेली, तिच्या पेशींना पुन्हा गर्भातल्यासारखं कोवळं केलं आणि त्यांतून एका बशीत आतल्या कानाचा तिळाएवढा तुकडा वाढवला. वाढत्या गर्भाच्या कानात डोकावून बघता येत नाही, बशीत येतं. कुठलं जनुक केव्हा जागं होतं याचा पूर्ण नकाशा त्यांच्याकडे तयार होता. माझ्या तुकड्यात सगळी जनुकं आपापल्या वेळेला उठली. एक तेवढं शेवटपर्यंत उठलं नाही. मग त्यांनी कळीची दुरुस्त नक्कल करून तुकड्यात सोडली, आणि तेही उठलं.

"तुमचे कान तापात गेलेले नाहीत," बाई आपल्या मोडक्यातोडक्या खुणांनी मला म्हणाल्या होत्या. "ते मुळातच असे घडले."

मला इतका आनंद झाला की मी त्यांच्यासमोरच रडले. जन्मभर मला वाटत आलं होतं की माझं काहीतरी हरवलंय, कुणीतरी ते काढून घेतलंय. काहीच हरवलं नव्हतं! मी पहिल्यापासून अशीच आणि पूर्ण होते. त्याच संध्याकाळी इचलकरंजीला जाऊन मी आईला हे लिहून दाखवलं. आईने आधी खिडकी लावली. मग म्हणाली, "संग्रामचं स्थळ बघालोय. आता हे कुठं बोलू नकोस." बोलणार तरी कुणाशी? माझे हात वाचणारं त्या घरात होतंच कोण?

संग्राम सांगत होता. केतकीच्या नेहमीच्या तपासणीत दिसलं की बाळाला आईकडून आणि बापाकडून आलेला जनुकांच्या साखळीचा एक तुकडा तंतोतंत सारखा आहे. एकाच समाजात पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी झाल्या की असं होतं. कुठेतरी चारसहा पिढ्यांमागे एकच पूर्वज निघतो. आतल्या कानाचं एक जनुक आणि त्याची कळ त्याच तुकड्यात येते. पण कळ चालते की नाही, हे यंत्राला सांगता येईना. म्हणून मुजावर बाईंनी दोघांना समोर बसवून विचारलं, घरात जन्मतः बहिरं कुणी आहे का?

"मग तू काय सांगितलंस?" मी टाइप केलं.

तो फरशीकडे बघत राहिला. चष्म्यावर दोनच शब्द उमटले. "ताप म्हटलं."

"आणि केतकी?"

"तिच्यात कुणी न्हाई."

नंतर त्याने बाईंना एकटं गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे एका व्यक्तीच्या पेशींवरून तयार केलेली दुरुस्ती आहे, ती लागू पडेलही. पण ती व्यक्ती कोण, हे मी सांगू शकत नाही, आणि तिच्या परवानगीशिवाय वापरूही शकत नाही. ती कोण हे संग्रामला आईकडून माहीत होतं. निरुपद्रवी केलेल्या विषाणूत ती दुरुस्ती भरून केसाहून बारीक सुईने बाळाच्या घडत असलेल्या कानात सोडतात. करायचं तर पाचवा महिना लागायच्या आत. एकदा शंखाची मांडणी पक्की झाली की जनुक उठून उपयोग नाही. कापडाचा माग चालू झाल्यावर ताण्यातला, म्हणजे उभ्या सुतातला, तुटलेला धागा मागे जाऊन जोडता येत नाही, कापडात ती रेघ राहतेच, तसं.

"तू फक्त सही कर ताई. नाव गुप्त ठेवता येतं म्हणाल्या. केतकीला सांगू, कुणा अनोळखी माणसाच्या पेशी जुळल्या."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला तीनदा खोडून लिहावं लागलं. "म्हणजे बाळाला माझी दुरुस्ती पाहिजे आणि बायकोला माझा ताप. होय ना?"

"तसं न्हवं की. समजून घे जरा. तिच्या वडलांना कळलं तर फसवलं म्हणतील. घर मोडंल माझं."

"फसवलंच आहेस. केतकीसमोर सांग, माझी बहीण जन्मतः बहिरी आहे. मग देते."

"बाळाचा काय दोष यात?"

"माझा काय होता?"

मोबाइलने हे अगदी लाडिक आवाजात विचारलं असणार. संग्राम उठला, चहा तसाच ठेवून गेला. मी पुढच्या तासाला वर्गावर गेले आणि फळ्यावर साधी बेरीज चुकवली.

दुसऱ्या दिवशी आई आली. भावाच्या तोंडून भागलं नाही की आईला धाडायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. माझ्या खोलीत कॉटवर बसली आणि पिशवीतून डबा काढून पुढे सरकवला.

"लई हट्टी हैस तू."

"तापाआधी मी बोलत होते का?" मी लिहून विचारलं.

आईने पदर तोंडाला लावला. चष्म्याला पदराआडचं नीट कळेना, म्हणून मी तिचा हात धरून खाली घेतला.

"न्हाईस," ती म्हणाली. "भांडं आपटलं तरी वळून बघायची न्हाईस. तुझी आज्जी म्हणाली, पोटुशी आसताना गिराणात भाजी चिरली आसंल हिनं. दोन वर्सं मला सुखानं घास गिळू दिला न्हाई. दुसरं लेकरू नगं म्हणाली, माघारी धाडा म्हणाली. मग तुला ताप आला. डॉक्टर म्हणालं, तापानं कान जात्यात कुणाकुणाचं. म्या त्या तापाला हात जोडलं बघ. त्या तापानं वाचिवलं मला."

हे वाचून माझा राग गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल. राग होता तिथेच राहिला, फक्त त्यातला थोडा वाटा मेलेल्या आजीकडे गेला. मी लिहिलं, "ठीक आहे. पण माझ्याशी बोलायला तरी शिकायचं होतंस."

"हातवारं केलं असतं तर चारचौघांत दिसलं असतं."

आमचे अण्णा, माझे वडील, असं कधी म्हणाले नाहीत. त्यांचे चोवीस यंत्रमाग होते. त्या खटखटाटात कुणालाच काही ऐकू येत नसे, सगळे कामगार हातांनी आणि ओठांनी बोलत. सुताची कांडी संपली, ताण्याचा बीम बदल, चहा आलाय, मालक चिडलाय, सगळ्याला खूण होती. अण्णांनी तीच बोली माझ्याशी चालवली. कारखान्यात मी कुणाहून वेगळी नव्हते. मी अकरा वर्षांची असताना अण्णा गेले आणि माग विकले. त्यानंतर त्या घरात माझ्याशी बोलणं म्हणजे जेव, झोप आणि पाहुणे आलेत, आत जा.

आई गेल्यावर मी संग्रामला कळवलं की पुण्याला येते, परवानगीचं तिथेच बघू. त्याला वाटलं, आईने काम फत्ते केलं. त्याने हात जोडल्याची पाच चित्रं पाठवली.

मुजावर बाईंच्या खोलीत केतकी होती, तिचे वडील आप्पासाहेब होते, संग्राम होता. मी का आलेय असं केतकीने विचारलं तेव्हा संग्राम म्हणाला, सोबतीला. बाईंच्या शेजारी मेघना नावाची दुभाषी बसली होती. अशी परवानगी कॅमेऱ्यासमोर, देणाऱ्याच्या स्वतःच्या भाषेत आणि माणूस दुभाषी ठेवूनच घ्यायची, असा कायदा आहे. जे सांगायचं ते सगळ्यांसमोर सांगेन, हे मी बाईंना आधीच कळवलं होतं. बाईंनी कॅमेरा चालू केला.

"पेशी कुणाच्या आहेत हे उघड करायचं की नाही, ते फक्त ती व्यक्ती ठरवेल," त्या म्हणाल्या.

मी हात वर उचलले. संग्रामचा चेहरा उतरला. माझा मोबाइल तो हिसकावू शकला असता. हातांचं काय करणार?

"मी वृषाली दिवटे," मेघना माझे हात वाचून मोठ्याने बोलत होती. "पेशी माझ्या आहेत. मी जन्मतः बहिरी आहे. ताप नंतर आला."

केतकीने नवऱ्याकडे पाहिलं. "तू मॅडमना काय सांगितलं होतंस? माझ्या शेजारी बसून?"

त्याने उत्तर द्यायच्या आधीच आप्पासाहेब ताडकन उठले. "ही सरळसरळ फसवणूक आहे! घराण्यातला दोष लपवून आमची मुलगी केलीत तुम्ही! एक शब्द कानावर आला असता तर उभं केलं नसतं तुम्हाला दारात!"

मी त्यांना पोटभर बोलू दिलं. मग मेघनाकडे वळले. "त्यांना विचार, डॉक्टरांनी सांगितलंय ना, तुकडा दोन्हीकडून आलाय? आमच्याकडून मी. तुमच्याकडून कोण?"

"आमच्यात कुणी नाही," आप्पासाहेब म्हणाले.

केतकी हळूच म्हणाली, "आप्पा, विठूकाका."

"त्याचं वेगळं! दिवाळीत कानाशी फटाका फुटला त्याच्या. सगळ्या हुपरी गावाला माहिताय."

मी विचारलं, "फटाका फुटायच्या आधी ते बोलत होते का?"

चष्म्यावर एकही अक्षर उमटलं नाही. मी काच पुसून पाहिली, तरी नाही. आप्पासाहेब खाली बसले होते.

शेरास सव्वाशेर म्हणतात, इथे शेरास शेर भेटला होता. त्यांनी फटाका सांगितला, आम्ही ताप सांगितला. दोघांनी एकमेकांना आणि डॉक्टरांना छान गंडवलं, आणि त्यात एका न जन्मलेल्या बाळाचे आठवडे गेले.

"काका मळ्यात असतो," केतकी माझ्याकडे तोंड करून, ओठ स्पष्ट हलवत म्हणाली. "शाळेत घातलंच नाही त्याला. कुणाशी बोलतच नाही तो. म्हणजे... त्याला बोलणंच माहीत नाही. माझ्या लग्नालाही मळ्यातच ठेवला होता."

मला ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलेही. माझा आवाज कसा निघतो मला ठाऊक नाही, पण संग्रामने कान झाकायला हात उचललेला मी पाहिला. साठीला आलेला माणूस, एकही भाषा न मिळालेला, गुरांसोबत ठेवलेला! माझ्या शाळेत पाच वर्षांचं पोर आलं तरी महिन्याभरात ते हातांनी भांडायला लागतं. या माणसाला भांडायलाही शब्द नव्हते. कशासाठी? आधी भावंडांची, मग पुतणीची स्थळं जुळावीत म्हणून.

मुजावर बाईंनी सगळ्यांना पाणी दिलं. म्हणाल्या, "हे पहिल्याच भेटीत कळलं असतं तर मला सवड मिळाली असती. वृषालीताईंची बिघडलेली कळ आणि बाळातली कळ मी आता ताडून पाहिली. एकच आहे. दुरुस्ती करायची तर या आठवड्यात. परवानगी मिळाली तर."

केतकी माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. "ताई, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

आमच्या घरातल्या माणसाने पहिल्यांदाच माझं मत विचारलं होतं. मला आमच्या शाळेतलं एक जोडपं आठवलं. दोघंही बहिरे, दोघंही शिक्षक. त्यांची मुलगीही बहिरी. ती पाळण्यातच बोटं नाचवत दूध मागायची, वर्षाची झाल्यावर बापाला हातांनी दटावायची. तिचं काही अडलं नव्हतं.

म्हणून मी केतकीलाच विचारलं, "बाळ बहिरं झालं तर त्याच्याशी बोलेल कोण?"

संग्राम पुढे सरसावला. "आम्ही शिकू की ताई. शिकणार म्हणजे काय, क्लास लावू."

"तुला जन्मभर बहिरी बहीण होती," मेघनाने माझे शब्द त्याला दिले. "सांग बरं हाताने, माझं नाव काय?"

त्याने हात उचलले आणि तसेच मांडीवर ठेवले.

तेवढ्यात आप्पासाहेबांनी घसा साफ केला. "डॉक्टर, एक विचारायचं होतं. ही दुरुस्ती बाळाच्या कागदपत्रांत कायमची राहते का? म्हणजे पुढे... सोयरीक बघताना कुणी मागितलं तर?"

बाळाच्या पापण्यासुद्धा अजून उघडल्या नव्हत्या, आणि आजोबा त्याचं स्थळ बघायला निघाले होते. खोलीतल्या एकालाही त्याचं नवल वाटलं नाही. आई असती तर तिलाही वाटलं नसतं. या माणसांना कधीच काही कळणार नव्हतं. माझा राग तिथे थंड झाला. विझला नाही, थंड झाला, आणि काय करायचं ते मला स्वच्छ दिसलं.

मी कॅमेऱ्याकडे वळले. मी बोलत गेले आणि मेघना मध्येच थांबली. "हे असंच सांगू?" तिने हाताने विचारलं.

"जसंच्या तसं. एक शब्द मऊ करू नकोस."

ती बोलली, आणि मी चष्म्यावर माझंच बोलणं वाचत गेले. "परवानगी देते. बाळाला काही दुखणं आहे म्हणून नाही. माझ्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं, विठूकाकांतही नव्हतं. देते, कारण या दोन घरांत बहिऱ्या लेकराशी कुणी बोलत नाही. मी तिथे वाढले आहे. तिथे दुसरं बहिरं लेकरू मी पाठवणार नाही."

केतकी तोंड झाकून रडायला लागली. आप्पासाहेब खिडकीबाहेर बघत होते. मुजावर बाई कॅमेऱ्याकडे एक नजर टाकून म्हणाल्या, "कायद्याने मला विचारावं लागतं. याला होकार समजायचा ना?"

मी मान हलवली. तेवढं संग्रामला दुभाष्याशिवाय कळलं.